तपासावे की सोडून द्यावे?

शंका : मी रोज गीतेचा एक अध्याय वाचते. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावे. अठराव्यात तेच म्हणतात, सगळे सोड आणि मला शरण ये. सासूबाईंच्या आजारपणात मी जाऊबाईंना नको ते बोलले. आता रोज रात्री अंथरुणावर पडले की तेच उगाळत बसते. यजमान म्हणतात, देवावर सोड. मी स्वतःला तपासत राहावे की खरेच देवावर सोडावे?
— एक भगिनी, सातारा

समाधान : ताई, अर्जुन दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकातच शरण गेला होता. मी तुझा शिष्य, मला वाट दाखव, असे त्याने म्हटले होते. तेवढ्याने भागले असते तर गीता तिथेच संपती. पण अर्जुन पुढेही शंका काढत राहिला. तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, अशी तक्रारही त्याने तिसऱ्या अध्यायात केली. भगवंत रागावले नाहीत, समजावत राहिले.

अठराव्या अध्यायातला 63वा श्लोक पाहा. सांगितले त्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे त्यात आहे. शरण ये म्हणणारा श्लोक 66वा. मध्ये अवघे दोन श्लोक. म्हणजे विचार आधी, शरणागती त्यामागून. शिवाय त्या 66व्या श्लोकाचा शेवट, शोक करू नकोस, असा आहे. अर्जुनाने शोक सोडला, काम सोडले नाही. घोड्यांचे लगाम कृष्णाच्या हाती होते. धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागले.

आता तुमचे. चूक कोणती, कोणाशी झाली, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. म्हणजे तपासून झाले. आता रात्री चालते ते नुसते उगाळणे. पण आजच देवावर सोडायचे म्हटले, तर सोडणार काय? स्वतःचेच राहिलेले काम. जाऊबाईंकडे जा, चुकले म्हणा. सासूबाईंच्या दुखण्याची ढाल पुढे करू नका. त्या मन मोकळे करतील की तोंड फिरवतील, हे तुमच्या हातचे नाही. ते मात्र खुशाल देवावर सोडा, आणि त्या रात्री निवांत झोपा.