पक्षी दिसल्याचे प्रमाण

अमुक पक्षी अमुक ठिकाणी आहे, हे कशावरून मानायचे? गटाने केलेल्या पक्षीनिरीक्षणात हा प्रश्न सतत उभा राहतो आणि तो मूळचा तत्त्वज्ञानाचा आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी त्यांत अनुपलब्धीची, म्हणजे न आढळण्याचीही भर घातली. नागपुरात मनीषनगर-बेसा भागातले मोकळे प्लॉट असोत की अंबाझरी-गोरेवाड्याचे तलाव, निसर्ग मंडळाच्या सकाळच्या फेरीत ही पाचही प्रमाणे कामाला लागतात.

प्रत्यक्षाचे दोन टप्पे नैयायिक सांगतात. राखाडी रंगाचे, शेपटीवर पट्टे असलेले काहीतरी एका कडुनिंबातून दुसऱ्यात शिरले, एवढेच दिसणे निर्विकल्पक. ‘हा शिक्रा’ असे म्हणणे सविकल्पक. चूक होते ती दुसऱ्या टप्प्यावर. पावशाचा रंग, शेपटीचे पट्टे आणि उडण्याची ढब शिक्र्याशी इतकी जुळते की लहान पक्षीही त्याला पाहून ओरडा करतात. शिक्र्याची आकडीदार चोच आणि पावशाची बारीक, जवळपास सरळ चोच हा फरक पक्षी स्थिर बसला आणि दुर्बिणीत नीट सापडला, तरच कळतो.

उपमानाचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण गवयाचे आहे. गवय गायीसारखा असतो, असे वनवासी माणसाकडून ऐकलेला नगरवासी रानात गेल्यावर तो प्राणी ओळखतो. पक्ष्यांची मार्गदर्शक पुस्तके हेच करतात. सलीम अलींच्या 1941 सालच्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना अशा परिचित पक्ष्यांच्या मापाने सांगितला आहे. गायच न पाहिलेल्याला गवय ओळखता येत नाही. म्हणून नवख्या सभासदाला आधी रोजची साळुंकी नीट पाहायला लावतात.

अनुमान मुख्यतः आवाजावर चालते. मृगाच्या आगेमागे ‘पेर्ते व्हा’ ऐकू आले की पावशा न दिसताही त्याची नोंद होते. इथे धुरावरून अग्नी ओळखण्याचाच न्याय आहे. पण त्यासाठी हेतू (इथे आवाज) आणि साध्य (इथे पक्षी) यांची व्याप्ती, म्हणजे कायमची सोबत, अभंग हवी. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि विदर्भाच्या जंगलांतला भृंगराज अनेक पक्ष्यांची. अशा ठिकाणी हेतू सव्यभिचार ठरतो; आवाज शिक्र्याचा असला तरी शिक्रा असेलच असे नाही.

गटात सर्वांत प्रभावी ठरते ते शब्दप्रमाण. ‘बाभळीच्या शेंड्यावर, दोन वाजताच्या दिशेला’ असे जाणकाराने सांगितले की दहा दुर्बिणी तिकडे वळतात. त्याने पक्ष्याचे नावही घेतले, की उरलेल्यांना तोच पक्षी दिसू लागतो. सांगणारा आप्त असावा, म्हणजे त्याला वस्तूचे यथार्थ ज्ञान असावे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा असावी, ही न्यायाची अट इथे नेमकी लागू पडते. ती मोडली की काय होते, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणात दिसले. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या पक्षीसंग्राहकाने 1914 साली गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातला जुनाच होता, चिठ्ठी तेवढी नवी होती. ही लबाडी पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी उघड केली. तो दावा वजा केल्यावर शेवटची खात्रीची नोंद 1884 सालची उरली. खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. पुढे तो मेळघाटातही आढळला.

हेच प्रकरण अनुपलब्धीचाही धडा देते. 113 वर्षे न दिसलेला पक्षी नाहीसा झालेला नव्हता. मीमांसकांच्या मते असता तर दिसलाच असता, अशी योग्यता असेल तेव्हाच न दिसणे हे अभावाचे प्रमाण होते. ‘ई-बर्ड’वर यादी टाकताना ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असे विचारतात आणि किती वेळ, किती अंतर, किती माणसे हेही लिहायला सांगतात, ते याचसाठी. मोकळ्या प्लॉटवर जमिनीवरच अंडी घालणारी टिटवी बांधकामानंतर तिथून गेली, असे म्हणायचे तर तिथे नियमित फेऱ्या झालेल्या असाव्या लागतात. एखाद्या सकाळी ती दिसली नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग एकट्याचे पाहणे पुरेसे का नाही? ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा येईपर्यंत ते खरे मानावे, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य दुसऱ्या ज्ञानाने ठरते. पक्षी पाहणारा त्या क्षणी मीमांसक असतो. मंडळाची यादी मात्र न्यायाच्या वाटेने व्हावी लागते. पण दहा जणांच्या होकाराला दहा साक्षींचे मोल तेव्हाच येते, जेव्हा प्रत्येकाने नाव ऐकण्याआधी चोच, डोळा, पट्टे स्वतः पाहिलेले असतात. नाहीतर ती एकाच साक्षीची दहा वेळा झालेली उजळणी असते. म्हणून चांगले मार्गदर्शक आधी ‘काय दिसले?’ विचारतात आणि नाव शेवटी घेतात. एवढे करूनही निर्णय झाला नाही, तर न्यायाच्या सोळा पदार्थांत संशयालाही जागा आहे. यादीत ‘शिकारी पक्षी किंवा पावशा, ओळख अनिश्चित’ असे लिहिणे ही प्रामाणिक आणि पुरेशी नोंद ठरते.