सोडून दिलेल्या माशाचा हिशेब

स्वित्झर्लंडमध्ये नदीकाठी उभं राहून गळ टाकला, मासा लागला, तो अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडला आणि हे सगळं आधीपासून ठरवून केलं, तर तो गुन्हा ठरतो. तोच मासा तिथल्या तिथे मारून घरी नेला, तळून खाल्ला, तर कायद्याची काही हरकत नाही. २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत हे कलम आलं. लहान आकाराचा किंवा बंदी असलेला मासा चुकून लागला तर तो सोडायलाच हवा. पण सोडायच्याच इराद्यानं गळ टाकणं वर्ज्य. शेजारच्या जर्मनीत १९७२ पासून प्राण्याला इजा करायची तर त्याला ‘सयुक्तिक कारण’ असावं लागतं. भूक हे तसं कारण धरलं जातं, नुसती मौज हे नाही.

अटलांटिकच्या पलीकडे नेमकी उलटी रीत. ली वुल्फ या अमेरिकी गळकऱ्यानं १९३९ मध्ये असा विचार मांडला की खेळासाठीचे मासे एकदाच पकडून संपवण्याइतके स्वस्त नाहीत. पुढे त्याच विचारावर एक मोठा धंदा उभा राहिला. मोंटानासारख्या राज्यात गाइड होडी घेऊन निघतो. पिसं आणि धागे बांधून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, कुठल्या भोवऱ्याच्या कडेला टाकायचा ते गिऱ्हाइकाला सांगतो, ट्राउट जाळीत घेतो, फोटो काढतो आणि मासा सोडतो. एका दिवसाचे काहीशे डॉलर, वर बक्षिसी. विकला जातो तो मासा नव्हे, त्याची भेट. म्हणून तोच मासा उद्याच्या गिऱ्हाइकालाही विकता येतो. यलोस्टोन नदीच्या एका पट्ट्यात १९८१ च्या हंगामात संशोधकांनी मोजलं, तेव्हा तिथला प्रत्येक कटथ्रोट ट्राउट सरासरी ९.७ वेळा पकडला आणि सोडला गेला होता. एका पकडीमागे मरण्याचं प्रमाण मात्र फक्त ०.३ टक्के होतं.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. मासा जवळजवळ कधीच मरत नाही, पण एका उन्हाळ्यात दहादा त्याच्या ओठात काटा रुततो. याला दया म्हणायचं, की क्रौर्याची हप्त्यांनी केलेली विभागणी?

माशाला वेदना होते का, यावर विज्ञानात अजून भांडण आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचलं. मासे डोलू लागले, तळाच्या वाळूवर ओठ घासू लागले, खाणं टाळू लागले. मज्जाशास्त्राचे अभ्यासक जेम्स रोझ यांचं म्हणणं वेगळं. वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो थर लागतो तो माशाला नाहीच, दिसते ती केवळ शरीराची प्रतिक्रिया, असं ते मांडत आले. जैन परंपरेला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागलं नाही. तिच्या जीवगणनेत मासा पंचेंद्रिय आहे, म्हणजे इंद्रियांपुरता माणसाच्याच रांगेतला. माशी-किड्यांना तिथे चार इंद्रियं. त्या हिशेबानं फ्लायवाल्याच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की किडा नकली असल्यानं निदान चार इंद्रियांचा एक जीव वाचला!

थट्टा सोडून द्यावी, पण जैन आचार्यांनी गृहस्थासाठी केलेली हिंसेची वर्गवारी इथे खरोखर कामाची आहे. स्वयंपाकपाण्यात होणारी ती आरंभी, पोटाच्या धंद्यात होणारी ती उद्योगी, स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी होणारी ती विरोधी. या तीन संसारात पूर्ण टळत नाहीत, त्या कमी करत जायच्या. चौथी संकल्पी, म्हणजे इजा करायचं ठरवून केलेली. शिकार हे तिचं नेहमीचं उदाहरण, आणि ती गृहस्थालाही माफ नाही. गळ मासा सोडायचा हे ठरवून टाकलेला असो वा खायचा हे ठरवून, काटा रुतवण्याचा संकल्प दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की खाणाऱ्याजवळ निदान भुकेची सबब आहे. बर्नच्या कायदेपंडितांनी जैन ग्रंथ वाचले असण्याची शक्यता कमी. तरी गळ टाकतानाचा भाव तपासणारा त्यांचा नियम एखाद्या मुनींना ओळखीचा वाटेल.

मग गाइडचं काय? तो स्वतः गळ टाकत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या पापाचे वाटेकरी मोजले आहेत, त्यांत अनुमती देणाऱ्यापासून विकणाऱ्या-वाढणाऱ्यापर्यंत सगळे येतात. त्या यादीत गाइडला सहज जागा मिळेल. पण महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध त्याच्या बाजूनं उभा राहील. मिथिलेतला हा मांसविक्या तपस्वी कौशिकाला धर्म शिकवतो आणि सांगतो की नांगर चालवणाराही जमिनीतले असंख्य जीव मारतो. हिंसेबाहेर कुणीच नाही, प्रश्न आहे तो आपला धंदा कसा करायचा याचा. मोंटानात गाइडला परवानाधारक आउटफिटरच्या हाताखालीच काम करावं लागतं. पाण्याचं तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअसला पोचलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवली जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमून सोडलेला मासा तिथे उलटा होऊन वाहून जातो. धर्मव्याधाला असा नियम पटला असता.

आपल्याकडे हा सगळा पेच एका नदीवर एकवटला. कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी इथे सरकारी जंगल लॉजेसची मासेमारीची शिबिरं होती. जगभरचे गळकरी तिथे कुबड असलेल्या, नारिंगी परांच्या महसीर माशासाठी येत. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हान इंगेन यांनी कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, १२० पौंडांचा मासा पकडला, ती कहाणी जगभर पोचली होती. इथलं तंत्र फ्लायचं कमी आणि नाचणीच्या गोळ्याचं जास्त. टोपल्यासारखी गोल होडी, लांब काठी, आणि काठावर स्थानिक गाइड. या गाइडांपैकी काही जण पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारे. ज्या हातांनी डोहात दारू फेकली तेच हात आता मासा पाण्यात सरळ धरून, कल्ल्यांतून पाणी खेळेपर्यंत वाट पाहत आणि मग सोडत. नियम कडक होता: प्रत्येक महसीर परत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापाशी थांबत नाही. पकडणं, फासात घेणं, आमिष दाखवणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न, सगळं तिच्यात येतं. अभयारण्यातली ‘पकडा आणि सोडा’ पद्धत या व्याख्येच्या कचाट्यात सापडली आणि २०१२ पर्यंत शिबिरांमधले गळ बंद झाले. तत्त्वाच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय निर्दोष. अभयारण्यात हरणाला फासात अडकवून फोटो काढून सोडण्याची परवानगी कोण देईल? पण नदीवरची रोजची नजर त्या निर्णयाबरोबर गेली. सुरुंगवाल्यांना हटकणारी माणसं काठावरून उठली, अशी खंत गळकऱ्यांइतकीच मत्स्यशास्त्रज्ञांनीही मांडली.

या शिबिरांनी मागे एक मोलाची वस्तू ठेवली, ती म्हणजे नोंदवही. गालिबोरेला १९९८ ते २०१२ या काळात कोण किती तास गळ टाकून बसला, काय लागलं, वजन किती, हे लिहिलं जात होतं. सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदी ब्रिटिश संशोधक एड्रियन पिंडर आणि केरळचे राजीव राघवन यांनी सहकाऱ्यांसह तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. आकडा वाढत होता. वरवर पाहणारा खूश झाला असता. पण वाढत होता तो निळ्या परांचा महसीर. नारिंगी परांचा, ज्याच्यासाठी लोक विमानानं येत तो, कमी कमी होत चालला होता. पुढे त्याची ओळख टॉर रेमादेवी या नावाखाली पक्की झाली आणि २०१८ मध्ये संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ज्या गळांना कायद्यानं शिकार म्हटलं, त्यांच्याच हिशेबातून ही जात बुडत असल्याचं कळलं.

निळ्या परांचा हा मासा कुठला? तो आपला. टॉर खुद्री, मराठीत खडस. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन लिहिलं. विसाव्या शतकात धरणं आणि सुरुंगांनी तो घटू लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावावर सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात त्याच्या कृत्रिम पैदाशीचं तंत्र बसवलं. वळवण तलाव इंद्रायणीच्या खोऱ्यातला, तीच नदी पुढे देहूला जाते. लाखो पिल्लं तिथे वाढली आणि देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. कावेरीतही निळ्या परांचा महसीर असाच बाहेरून येऊन रुजला. हेतू शंभर टक्के शुद्ध होता, नद्यांना त्यांचा मासा परत देण्याचा. फक्त कावेरीचा मासा तो नव्हता.

अहिंसेच्या चर्चेत आपण नेहमी हाताकडे पाहतो: हातानं मारलं की सोडलं. कावेरीची गोष्ट सांगते की सोडणाराही हात तपासावा लागतो. पूर्व आशियात आणि तिबेटी परंपरेत बाजारातले मासे विकत घेऊन पुण्यासाठी पाण्यात सोडण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यापायी सोडण्यासाठी म्हणून मासे पकडण्याचा धंदा उभा राहतो आणि परके जीव परक्या पाण्यात जातात. परक्या माशांबाबत अमेरिकेनं एक कठोर धडा घेतला. यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये बाहेरून आणलेला लेक ट्राउट सापडला. तो देशी कटथ्रोटला खाऊन संपवू लागला. आता तिथे नियम असा आहे: कटथ्रोट लागला तर सोडा, लेक ट्राउट लागला तर मारा. त्याला जिवंत सोडणं हाच नियमभंग.

इथे कुणी म्हणेल, गळाची भानगड हवीच कशाला? आपल्याकडे माशांना देवाचं अभय आहेच. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीला भाविक महसीरांना खायला घालतात, त्यांना कुणी हात लावत नाही. तुंगेकाठी शृंगेरीला, कपिलेकाठी शिशिलाला तेच. हे अभय खरं आहे आणि कुठल्याही परवान्यापेक्षा जुनं आहे. पण ते डोहापुरतं आहे. शिशिलाला १९९६ मध्ये पाण्यात विष कालवलं गेलं आणि हजारो मासे मेले. तिथे त्यांचं स्मारक उभारलं आहे. आळंदीच्या इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे फोटो तर दरवर्षी वारीच्या दिवसांत पेपरात येतात. घाटावर लाह्या टाकणाऱ्या भक्ताला कारखान्याच्या नळीपर्यंत जायचं कारण पडत नाही. त्यासाठी ज्याचं पोट किंवा ज्याचं वेड नदीच्या पूर्ण लांबीवर अवलंबून आहे, असा माणूस लागतो.

महाभारताच्याच अनुशासनपर्वात च्यवन ऋषींची कथा आहे. प्रयागला पाण्यात बुडून तप करत असताना ते माशांबरोबर कोळ्यांच्या जाळ्यात आले. घाबरलेले कोळी क्षमा मागू लागले. च्यवनांनी एकट्याची सुटका नाकारली. इतकी वर्षं या माशांबरोबर राहिलो, जगेन-मरेन त्यांच्याबरोबरच, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी राजा नहुषाला सांगितलं की कोळ्यांचे श्रम झाले आहेत, त्यांना मोल दे. नुसती दया दाखवून ते उठले नाहीत. कोळ्यांच्या मजुरीचा प्रश्न त्यांनी त्या दयेतच सोडवला. गालिबोरेच्या सुरुंगवाल्याला गाइडचा पगार मिळाला, तो याच जातीचा व्यवहार होता.

तेव्हा ‘पकडा आणि सोडा’ ही अहिंसा आहे का, या प्रश्नाचं उत्तर नाही असंच द्यावं लागेल. ओठात काटा रुतला, जीव दमला, घाबरला. सोडल्यानं ते पुसलं जात नाही. ते व्रत असलंच तर अपरिग्रहाचं आहे. मासा हातात आला आणि माणसानं तो आपला म्हटला नाही. हीही लहान गोष्ट नव्हे, पण दोन व्रतांची खाती वेगळी आहेत आणि एकातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही. स्विस कायदा माशाचं खातं पाहतो, मोंटानाचा नदीचं. आपला कायदा व्याख्या पाहतो आणि दोन्ही खाती बंद करून टाकतो.

कावेरीवर किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या नदीवर उद्या गळाला परवानगी द्यायची झाली, तर ती हिंसा आहे हे मान्य करून, तिची किंमत ठरवून द्यावी. गळाला उलटं टोक नसावं. मासा पाण्याबाहेर काढून फोटो काढायला बंदी असावी. कावेरीतल्या निळ्या महसीरावर केलेल्या अभ्यासातही जास्त वेळ झुंजवलेले आणि हवेत धरलेले मासे अधिक सुस्तावलेले आढळले होते. पाणी तापलं की गळ गुंडाळावा. गाइड गावातलाच असावा आणि त्याचा पगार हंगामावर लटकू नये. रोजची नोंदवही मत्स्यशास्त्रज्ञांसाठी उघडी असावी. बाहेरची जात लागली तर ती सोडायची की नाही, हे आधी शास्त्रानं ठरवावं, गिऱ्हाइकाच्या पुण्यानं नव्हे. आणि शिबिराच्या जाहिरातीत ‘अहिंसक’ हा शब्द छापायला सक्त मनाई असावी.