निरोपाचे उदक

गृहस्थाच्या घरी पूजा, कथा वा अनुष्ठान कोणतेही असो, शेवटी यजमान उजव्या हातावर पळीभर पाणी घेतो, ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणतो आणि ते ताम्हनात सोडतो. पूजेला दोन घटका लागतात. या उदकाला क्षणभरही लागत नाही. म्हणूनच त्याकडे आपले लक्ष जात नाही. परंतु आधीच्या साऱ्या कर्माचे सार्थक त्या एका पळीत आहे. उदक सोडल्यावाचून कर्म घडले असे म्हणता येईल, ते अर्पण झाले असे म्हणता येणार नाही.

एखाद्या सेवाकार्यात मनुष्य वर्षानुवर्षे झिजतो आणि एके दिवशी तेथून निरोप घेण्याची वेळ येते. ती वेळही उदक सोडण्याचीच असते. सेवा करणारे पुष्कळ असतात. सेवेचे उदक सोडणारे विरळा. या विषयाचा बोध मला काशीक्षेत्री, मुन्शी घाटावर, एका वृद्ध दांपत्याच्या संगतीत झाला. तो वाचकांपुढे ठेवतो.

अहिल्याबाई घाट आणि दरभंगा घाट यांच्या मध्ये हा मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी येथील वास्तू घेतली आणि घाटाच्या एका भागाला त्यांचे नाव मिळाले. आज त्या प्रासादात प्रवाशांसाठी हॉटेल चालते. एका मराठी मंत्र्याने बांधलेल्या या पायऱ्यांवर आज कोणत्या प्रांताचा मनुष्य स्नान करीत नाही? त्यांतील कितीजणांना मुन्शींचे नाव ठाऊक असेल? तरीही त्या पायऱ्यांचे काम चाललेच आहे.

कार्तिकातल्या एका पहाटे स्नान आटोपून तेथे बसलो असता शेजारी कोकणातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी येऊन बसल्या. उभयता चार वर्षे मॉरिशसमध्ये राहून नुकतीच परतली होती. तेथील मराठी कुटुंबांतील मुलांना गुरुजी गीता शिकवीत आणि बाई स्तोत्रे व आरत्या शिकवीत. वेतन नव्हते, निर्वाहापुरती सोय तेथील मंडळी करीत. घरी जाण्यापूर्वी काशीस स्नान करावे, असा संकल्प होता.

मॉरिशसमधील मराठी लोकांची कथा वाचकांनी जाणण्याजोगी आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी त्या बेटावर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातील व देशावरील मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या पायऱ्यांवरून हे मजूर बेटावर पाऊल ठेवीत, त्या स्थळास आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्या पायऱ्या चढून गेलेल्यांपैकी पुष्कळांना मायदेश पुन्हा दिसला नाही. त्यांनी देश सोडला, परंतु गणपती सोडला नाही. १८९६ मध्ये कास्काव्हेल येथे मराठी मंडळींनी गणेशोत्सव सुरू केला आणि आज गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आता त्यांच्या पणतवंडांच्या तोंडी बहुधा क्रिओल भाषा असते. मराठी ती शाळेत शिकतात. अशा मुलांत या दांपत्याने चार वर्षे काढली होती.

बोलता बोलता गुरुजींचा स्वर जड झाला. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तीत त्यांच्याजवळ शिकलेल्या प्रत्येक मुलाचे नाव होते. ते म्हणाले, “बुवा, निघण्याच्या दिवशी मी सर्व मुलांना देवापुढे उभे केले आणि शब्द घेतला की, हा वर्ग जसा चालला आहे तसाच चालवायचा, त्यात काडीचाही बदल करायचा नाही. काल तिकडून निरोप आला. माझ्या जागी तिथलाच एक तरुण शिकवू लागला आहे. पहिल्या अध्यायाऐवजी त्याने बाराव्यापासून आरंभ केला आणि अर्थ मराठीत न सांगता क्रिओलमध्ये सांगतो. आमच्या चार वर्षांवर पाणी पडले! वाटते, ही वही गंगेत सोडून द्यावी आणि मोकळे व्हावे.”

यावर त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, “अहो, पाणी पडले म्हणता, पण आपण पाणी सोडले होते कुठे?”

वाचकहो, गीतेच्या अठराव्या अध्यायाचे सार मला त्या एका वाक्यात ऐकू आले. तेथे भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने, अविचाराने केलेला त्याग तामस. देहाला क्लेश होतील या भयाने केलेला त्याग राजस. आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत असता आसक्ती व फल यांचा केलेला त्याग सात्त्विक. निरोपाचेही असेच तीन प्रकार होतात. ‘माझे ऐकत नाहीत ना, मग माझा संबंध संपला’ असे म्हणून वही नदीत फेकणे हा तामस निरोप. ‘आता झेपत नाही, सुटलो एकदाचा’ हा राजस निरोप. आणि ‘माझ्याकडून घडले ते माझे नव्हते, ज्याचे होते त्याला पोचले’ असे जाणून प्रेमाने हात जोडणे हा सात्त्विक निरोप.

मी गुरुजींना एवढेच सांगितले की, वही गंगेत टाकू नका. गंगामाईला कागदाचे ओझे कशाला? आणि त्या मुलांवरचे प्रेम हा काही दोष नव्हे. बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगताना सर्वांविषयी मैत्री व करुणा आरंभीच ठेविली आहे आणि ममत्वाचा अभाव लगेच तिच्या शेजारी ठेविला आहे. प्रेम राहावे, मालकी जावी. नावे जपा, शब्द परत करा.

गुरुजी म्हणाले, “पण मराठीच गेली तर गीता कशी राहील?”

हा प्रश्न क्षुद्र नव्हता. त्यात परक्या देशी टिकून राहिलेल्या भाषेची कळकळ होती. परंतु काशीत बसून तो विचारला जावा, हा मोठा योग म्हणावा. नाथमहाराज प्राकृतात भागवत सांगतात, हे येथील काही पंडितांना रुचले नाही, त्यांना काशीस येऊन उत्तर द्यावे लागले आणि पुढे तो ग्रंथ १५७३ मध्ये येथेच पुरा झाला, अशी परंपरा आहे. त्यापूर्वी १२९० मध्ये ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेचा अर्थ नेवाशास मराठीत उघडा केला. ‘संस्कृतच गेले तर गीता कशी राहील?’ असे म्हणून ते थांबले असते, तर गुरुजींच्या हाती तरी गीता आली असती काय? मुलांना मराठी शिकवावी, अवश्य शिकवावी; परंतु भगवंताचा शब्द ज्या भाषेत मुलाच्या अंतःकरणात उतरतो, त्या भाषेला दार लावू नये.

तेव्हा बाई म्हणाल्या, “आपल्या मुलीचे कन्यादान केले तेव्हाही उदकच सोडले होते. पुढे तिच्या स्वयंपाकघरात जाऊन फोडणी कशी घालायची हे आपण सांगत बसलो का? आठवण येते, डोळे भरतात, ते भरू द्यावेत. पण घर तिचे.”

गुरुजी बराच वेळ प्रवाहाकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या तरुण शिक्षकाला पत्र लिहिले. मला वाचून दाखविलेल्या त्या पत्रात मजकूर थोडाच होता: मुलांकडून मी घेतलेला शब्द मी परत करीत आहे, तुम्हाला योग्य वाटेल तसे शिकवा, विचारलेत तर सांगेन, न विचारलेत तरी आशीर्वाद आहे. मग ते पान फाडून त्यांनी जपून घडी केले, पायरी उतरून ओंजळभर पाणी घेतले आणि पत्नीने त्यांच्या हाताला हात लावला. दोघांनी मिळून ते उदक सोडले.

वाचक म्हणतील, आम्ही कुठे परदेशी सेवेला गेलो? परंतु असा निरोप प्रत्येक गृहस्थाच्या वाट्याला येतो. दुकानाच्या किल्ल्या मुलाला दिल्या, पण गल्ला रोज आपणच मोजला. घर सुनेच्या स्वाधीन केले, पण मीठ आपल्याच मापाने पडावे असा हट्ट धरला. देवस्थानाचे विश्वस्तपद सोडले, पण नव्या विश्वस्तांच्या चुका मोजीत सभामंडपात बसलो. तर आपले उदक अजून हातातच आहे. हातातले पाणी धरून ठेवले तर फार काळ टिकत नाही. बोटांच्या फटींतून गळतेच. गळून गेले तर ते वाया जाते, आपण होऊन सोडले तर ते अर्पण होते.

म्हणून कोणतेही कार्य सोडताना तीन गोष्टी कराव्यात. मागे राहणाऱ्यांना आपल्या रीतीच्या शब्दात बांधून ठेवू नये. पुढे येणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सारे मोकळेपणाने सांगावे आणि मग त्याच्या कामात न विचारता पडू नये. आणि आठवण आली की तक्रारीऐवजी प्रार्थना करावी. मॉरिशसच्या गणपतीलाही भाद्रपदात निरोप मिळतोच. जी मूर्ती सजविण्यात इतके दिवस जातात, तीच नाचत-गात पाण्यात सोडली जाते. आणि सोडली जाते म्हणूनच पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।