साखरेवरची जकात आणि कोतळूकचे प्राध्यापक

१९११ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात साखरेचा प्रश्न चर्चेला आला. जावा आणि मॉरिशसहून येणाऱ्या स्वस्त साखरेपुढे इथला ऊस टिकत नव्हता. बाहेरच्या साखरेवर जादा जकात बसवा, ही मागणी जोरात होती. देशी उद्योगांची बाजू आयुष्यभर लावून धरलेले गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले, तेव्हा ते या मागणीला सरळ पाठिंबा देतील असेच अनेकांना वाटले असेल. गोखल्यांनी आधी एक भेद मांडला. उद्योगांना मिळणारे संरक्षण दोन प्रकारचे असते, योग्य आणि अयोग्य. योग्य संरक्षणात वाढत्या उद्योगाला लागेल तेवढा आधार मिळतो, आणि त्या आधारावर कोणी बलाढ्य गट उभा राहून लोकांना वेठीस धरणार नाही, याचीही काळजी घेतली जाते. अयोग्य संरक्षणात वजनदार मंडळींचे भले होते आणि त्याचे पैसे सामान्य करदाता मोजतो. राज्याची सूत्रे आपल्या हाती नसताना यांपैकी कोणते संरक्षण आपल्या पदरात पडेल, याची त्यांना खात्री नव्हती.

या एका भेदात गोखल्यांचा सगळा आर्थिक विचार आला आहे, असे मला वाटते. व्यापार खुला असावा की बांधलेला, या प्रश्नावर माणसे आजही दोन तट करून भांडतात. गोखले त्याच्या मागे जाऊन विचारत होते: जकात ठरवणार कोण? कोणाच्या भल्यासाठी? आणि काय तपासून? पहिला प्रश्न नेतृत्वाचा, दुसरा व्यापाराचा, तिसरा संशोधनाचा. आपली विद्यापीठे हे तीन विषय तीन वेगळ्या वर्गांत शिकवतात. फर्ग्युसन कॉलेजातल्या या प्राध्यापकाने ते कधी वेगळे होऊ दिले नाहीत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. आज हे गाव गुहागर तालुक्यात येते. शिक्षण कागल, कोल्हापूर आणि मुंबईत झाले. एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गेले. तिथे त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. अर्थसंकल्पावर बोलताना त्यांच्या हाताशी जी आकड्यांची शिस्त दिसते, तिची मुळे या वर्गखोल्यांत आहेत.

त्या शिस्तीला दिशा मिळाली न्यायमूर्ती रानड्यांकडून. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानडे म्हणाले होते की इंग्लंडात मांडलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त हे इंग्लंडच्या परिस्थितीचे सिद्धान्त आहेत. ते सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडतीलच असे नाही. खुल्या व्यापाराचा पुरस्कार हा त्या काळच्या सत्तेचा धर्म होता, म्हणून या विधानाला धाडस लागले. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टचा दाखला रानडे देत होते: मागे राहिलेल्या देशाला काही काळ आडोसा हवा. त्याच्या दोन वर्षे आधी, १८९० मध्ये, त्यांनी जावातल्या डच शेतीपद्धतीवर एक निबंध लिहिला होता. सरकारने उत्पादकाला आगाऊ भांडवल दिले तर नवा उद्योग कसा उभा राहतो, हे त्यांना तिथे दिसत होते. त्या पद्धतीतली सक्ती जावाच्या शेतकऱ्याला किती महाग पडली, याचे वजन निबंधात कमी पडते, असे माझे मत आहे. तरीही वीस वर्षांनी त्याच जावाची साखर इथल्या बाजारात आली, तेव्हा रानड्यांनी पाहायला सांगितलेली जागा किती अचूक होती ते कळते.

रानड्यांनी दृष्टी दिली, तर आकडे वाचायला शिकवले गणेश व्यंकटेश जोशी यांनी. शाळेत हेडमास्तर असलेला हा माणूस सरकारी अहवालांचे ढीग उपसून त्यातून देशाची जमाखर्चाची खरी स्थिती बाहेर काढी. १८९७ मध्ये लंडनला भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले गेले, तेव्हा त्यांचे वय तीस होते. उलटतपासणीत ते टिकले ते या तयारीच्या जोरावर. मार्च १९०२ मधल्या त्यांच्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणातही तेच बळ दिसते. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे प्रजा सुखी आहे, हा सरकारचा युक्तिवाद होता. शिल्लक पडते कारण कर गरजेपेक्षा जास्त आहेत, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०७ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. त्याचे सगळे श्रेय एका माणसाला देता येत नाही, पण त्या वादात सर्वांत भक्कम मांडणी त्यांची होती.

आता कापडाकडे या, कारण रत्नागिरीचा जागतिक व्यापाराशी संबंध तिथे उघड दिसतो. १८९६ मध्ये लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली गेली आणि तिचा लाभ मुंबईच्या गिरण्यांना मिळू नये म्हणून इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली. मँचेस्टरच्या मालकांनी लंडनमध्ये वजन वापरले आणि त्याची किंमत परळ-लालबागमध्ये मोजली गेली. त्या गिरण्यांत राबणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा होता. इथल्या घरांतल्या चुली मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत. दोन महासागरांपलीकडे ठरलेला कर इथल्या आडगावातल्या घरखर्चापर्यंत पोचण्याचा हा मार्ग होता. गोखल्यांनी ही अबकारी रद्द करण्याची मागणी पुनःपुन्हा केली. ती उठली त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

माझ्या मते संरक्षणाविषयीची त्यांची सावधगिरी या अनुभवातून आली. खुल्या व्यापाराचे नाव घेऊन एका गटाचे हित कसे साधले जाते, हे त्यांनी पाहिले होते. तेच राज्यकर्ते उद्या संरक्षणाचे नाव घेतील, तेव्हा वेगळे काही करतील असे मानायला आधार नव्हता. १९०७ मध्ये लखनौला स्वदेशीवर बोलतानाही त्यांनी भावनेला हात घालण्यापेक्षा उणिवा मोजल्या: भांडवल अपुरे, धाडस अपुरे, तांत्रिक कौशल्य अपुरे. देशी वस्तू वापरण्याची शपथ त्यांना मोलाची वाटत होती, पण शपथेने सूत काढता येत नाही हेही त्यांना माहीत होते.

१९०५ च्या जूनमध्ये स्थापन झालेली भारत सेवक समाज ही संस्था याच विचाराचा पुढचा टप्पा मानावी लागेल. तिथे येणाऱ्या तरुणाला आधी पाच वर्षांची उमेदवारी होती, त्यात वाचन, अभ्यास आणि देशभर फिरणे. भाषण नंतर. दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधींनाही त्यांनी वर्षभर देश नुसता पाहायला सांगितले. पुढाऱ्याला ज्या विषयावर बोलायचे आहे तो त्याने आधी तपासलेला असावा, ही अट आज कोणत्याही पक्षात कोणी घालत नाही.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. त्यांचा विचार पुढे ज्या वाटेने गेला, ती मला त्यांच्या हयातीइतकीच मोलाची वाटते.

साखरेचेच घ्या. जावाची साखर स्वस्त होती त्यामागे डचांची ऊस संशोधन केंद्रे होती. नव्या जाती, नवी लागवड. आपल्याकडे कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले ते १९१२ मध्ये, कायदेमंडळातल्या त्या चर्चेच्या पुढच्या वर्षी. म्हणजे जकातीचा वाद आणि वाणाचा शोध एकाच वेळी चालले होते, आणि खरा फरक पडायला दोन्ही लागणार होते. १९२३ मध्ये सरकारने टॅरिफ बोर्ड नेमले. त्याच्या तीन सभासदांत एक होते वामन गोविंद काळे, फर्ग्युसनचेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ज्याला संरक्षण हवे त्याने बोर्डापुढे यावे, खर्चाचे हिशेब मांडावेत, उलटतपासणीला उत्तरे द्यावीत. या उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता आहे का आणि पुढे कधीतरी तो आधाराशिवाय उभा राहील का, हे तपासले जाई. त्यानंतर १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण मिळाले. गोखल्यांनी मागितलेली चौकशी इथे सरकारी कामकाजाचा भाग झाली होती.

साखरेला संरक्षण मिळाले १९३२ मध्ये. कारखाने भराभर निघाले, आयात आटली आणि १९३७ मध्ये संयुक्त प्रांत आणि बिहारच्या कारखानदारांनी एकत्र येऊन शुगर सिंडिकेट स्थापन केले. गोखल्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी ज्याची भीती व्यक्त केली होती तो बलाढ्य गट नेमका साखरेतच उभा राहिला.

याला उत्तर पुण्यातून आले. रावबहादूर काळे (हे टॅरिफ बोर्डावरचे काळे नव्हेत) यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली होती आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले होते. संरक्षणाचा फायदा कारखानदाराला मिळतो आणि ऊस पिकवणारा तसाच राहतो, मग कारखानाच पिकवणाऱ्याच्या मालकीचा का नसावा? अशाच कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील अहमदनगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडे गावोगाव जाऊन भागभांडवल मागत होते. गाडगीळ त्या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. संशोधक, पुढारी आणि शेतकरी एका टेबलाशी बसले, आणि १९५० च्या सुमारास त्याच जिल्ह्यातल्या लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. गोखल्यांचे योग्य संरक्षण मराठी मुलखात प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ते इथे सापडते. पुढे सहकारातही वजनदार घराणी तयार झाली आणि अनेक कारखान्यांत सभासद नावापुरता उरला, हेही खरे. गोखल्यांचा निकष सहकारालाही तितकाच लागू आहे आणि तो लावताना आपण कचरलो आहोत.

या सगळ्याचा आजच्या रत्नागिरीशी संबंध काय, तर हापूस. जगाच्या बाजारात फळापुढे आता जकातीइतकीच मोठी भिंत तपासणीची आहे. अमेरिकेने २००७ मध्ये आपला आंबा पुन्हा घेतला तो विकिरणाच्या अटीवर. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणाने आंबा थांबवला. बंदी पुढच्या वर्षी उठली. अठ्ठेचाळीस अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून, नाहीतर बाष्पप्रक्रिया करून फळ पाठवावे लागते. एवढे करूनही जुनी जकात कधी परत येईल याचा नेम नाही; २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावले तेव्हा कोकणातल्या कोळंबीवाल्यांनी तो धक्का अनुभवला.

संशोधन आपल्याकडे झाले आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला, साका (गर खराब करणारा दोष) न होणारा ‘रत्ना’ १९८१ मध्ये आला. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते एक प्रकारचे संरक्षणच आहे, आणि म्हणून गोखल्यांचा प्रश्न त्यालाही विचारायला हवा. परजिल्ह्यातला, परराज्यातला आंबा रत्नागिरीच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, हा प्रकार वाशीच्या घाऊक बाजारात थांबतो का? मानांकनाचा वाढीव भाव कलम राखणाऱ्याला मिळतो, की हंगामाआधी बागायतदाराला उचल देऊन माल बांधून घेणाऱ्या दलालाला? बाष्पप्रक्रियेचा आणि प्रमाणपत्राचा खर्च दोन एकरांच्या बागेला झेपतो का?

गोखले संस्थेने आपल्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, १९३३ मध्ये, पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. विषय साधा होता: फळ बाजारात येते कसे आणि विकले जाते कसे. नुकत्याच निघालेल्या संस्थेने इतक्या लवकर फळबाजाराकडे वळावे, हे मला गोखल्यांच्या नावाला शोभणारे वाटते. रत्नागिरीच्या बागेतून वाशीला, तिथून दुबई आणि लंडनला जाणाऱ्या पेटीची तशी पाहणी दरवर्षी व्हावी, दापोलीच्या विद्यापीठाने आणि इथल्या वाणिज्य महाविद्यालयांनी मिळून ती करावी, आणि तिचे निष्कर्ष मराठीत, हंगाम सुरू होण्याआधी, बागायतदारांच्या संघांच्या हाती पडावेत. त्या आकड्यांवर भांडायला उभे राहणारे पुढारी आपल्याला लागतील, आणि ते बागायतदारांमधूनच यावेत.