कोणाचें रक्त श्रेष्ठ?

पनवेल येथें एका रोग्याच्या उशाशीं बसलों असतां, त्यास रक्त चढवीत असतांना, त्याच्या वृद्ध चुलत्यानें मला हळूच विचारिलें, "पाळकसाहेब, हें रक्त आपल्याच लोकांचें असेल ना?" चुलता वाईट मनुष्य नव्हे. जो अभिमान त्याच्या मुखांतून निघाला तो आम्हां पुष्कळांच्या मनांत दडलेला आहे. म्हणून रक्ताविषयीं खरें काय तें पाहूं.

रक्ताचे ए, बी, एबी व ओ असे गट आहेत. त्यांतील ए व बी हा भेद मनुष्यजातीहूनहि पुरातन आहे. बहुतेक चिंपांझींचा गट ए असतो, गोरिलांचा बी. हा भेद निदान दोन कोटि वर्षें चालत आला, असें २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. २०१३ सालीं मनुष्य व चिंपांझी यांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हां दोघांतहि तेच भेद टिकून राहिलेलीं १२५ स्थळें आढळलीं. म्हणजे एके ठिकाणीं दोघे सख्खे भाऊ एकमेकांहून भिन्न असतील, आणि त्यांतील एकाचें रानांतील चिंपांझीशीं जुळेल!

हे भेद टिकले कां? पुष्कळ स्थळें रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या जनुकांजवळ आहेत. जंतू बहुसंख्यांस ग्रासावयास शिकतो, तेव्हां जे निराळे ते वांचतात. ओ गटाच्या मनुष्यास हिंवतापाचा तीव्र विकार कमी होतो, परंतु पटकी त्यासच अधिक छळते. आमच्या कोंकणानें हे दोन्ही रोग पाहिले आहेत. मग श्रेष्ठ रक्त कोणतें म्हणावें? शिवाय गट म्हणजे ललाटलेख नव्हे. ओ गटाचा मनुष्यहि हिंवतापानें मरतो.

मुंबईंत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं जो 'बॉम्बे' रक्तगट प्रसिद्ध केला, त्याची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. त्या गटाच्या मनुष्यास ओ गटाचें रक्तहि चालत नाहीं. जन्मदात्री आईचें रक्त बहुधा निरुपयोगी ठरतें, आणि कोणा दूरच्या, परक्या जातीच्या मनुष्याचें त्यास जीवदान देतें.

कोणी म्हणेल, "मग मनुष्य पशूच ठरला काय?" नाहीं. आमची थोरवी रक्तांत कधींच नव्हती. आम्ही मातीचे आहों हें आम्हांस पूर्वींच सांगितलें आहे. शेजाऱ्याविषयीं आम्हांस जाब विचारिला जाईल, यांतच आमचें मनुष्यपण आहे.

मीं चुलत्यास रक्ताची पिशवी दाखविली. तिजवर गट होता, क्रमांक होता; नांव नव्हतें, जात नव्हती. तो कांहीं वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "ज्यानें दिलें त्याचें बरें होवो." वाचकहो, इतकेंच म्हणावयास आपण शिकूं या.