एका बालकाचा खर्च

सार्वजनिक पैसा जेथें अधिक प्राण वांचवील तेथें खर्चावा, या तत्त्वाशीं भांडणें कठीण आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें २००७ सालीं सुरू झालेल्या आपल्या तिसऱ्या टप्प्यांत याच विचारानें वेश्याव्यवसायांतील स्त्रिया, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर आदिकरून वर्गांकडे विशेष लक्ष पुरविलें. रोग जेथून पसरतो तेथेंच तो अडविला म्हणजे दूरच्या संसारांचेंही रक्षण होतें. मुंबईंत वांटलेला निरोध बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीच्या एखाद्या गृहिणीसही वांचवूं शकतो. येथवर आम्हांस कांहींच आक्षेप नाहीं.

परंतु त्याच उंद्रीच्या गरोदर स्त्रियांचें रक्त तपासावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला म्हणजे हिशेब कुरकुरूं लागतो. समजा, हजार स्त्रियांत दोघी बाधित निघाल्या. औषधावांचून अशा मातांच्या शंभर बालकांपैकीं पंधरा ते पंचेचाळिसांस संसर्ग होतो. म्हणजे हजार तपासण्या करून सरासरीनें एक बालकही वांचत नाहीं. मग उंद्री वगळावी काय?

येथें हिशेबनीसासच उलट विचारलें पाहिजे. गर्भवतीचें रक्त हिमोग्लोबिनासाठीं घ्यावयाचेंच असतें. परिचारिकेचा पगार, सुई, जाण्यायेण्याची यातायात, हें सर्व आधींच झालेलें असतें. तें सारें या एकाच रोगाच्या खातीं मांडलें तर बालक महाग पडतें, आणि केवळ वाढीव तपासणी मांडली तर तें पुष्कळ स्वस्त होतें. खातें कोठें पाडावें हें आंकडे सांगत नाहींत. तें माणसेंच ठरवितात. (पाहुण्याचा चहा कोणाच्या नांवें लिहावा, यावरून आमच्याही घरीं वाद होतो.)

दुसरी शंका याहून खोल आहे. वेश्यावस्तींतील स्त्रीस जपावयाचें तें केवळ तिच्यापासून इतरांस रोग होऊं नये म्हणूनच काय? सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेनें १९९२ पासून या स्त्रियांच्याच हातीं काम सोंपविलें, आणि १९९६ सालीं त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. त्यांनीं निरोध वांटले; पण अन्यायाविरुद्धही आवाज उठविला. परक्या संसारांची राखण करणें एवढेंच आपलें काम, असें त्यांनीं मानलें नाहीं.

गर्भवतीसही हेंच लागूं आहे. पूर्वीं प्रसूतीच्या वेळीं नेव्हिरपीनची एक मात्रा मातेस व एक बालकास देत, आणि तेथें हिशेब मिटे. २०१४ पासून आपल्याकडे बाधित मातेस आजन्म औषध देण्याचें धोरण आलें. तेव्हां उंद्रीच्या खातीं बालकाबरोबर त्या दोन आयांचीं उरलेलीं वर्षेंही मांडलीं पाहिजेत.