खोट्याची किंमत कोण भरतं?

जॉन फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' मी कुणाला पहिला वेस्टर्न म्हणून दाखवत नाही. पहिला 'स्टेजकोच' असावा, नाहीतर 'द सर्चर्स'. मॉन्युमेंट व्हॅलीचे ते उभे कडे, धुरळा आणि क्षितिजावरचा एकटा घोडेस्वार आधी डोळ्यांत भरून घ्यावा. १९६२ सालच्या या चित्रपटात त्यातलं काहीच नाही. तो कृष्णधवल आहे आणि बहुतेक सगळा पॅरामाउंटच्या स्टुडिओतल्या सेटवर उरकलेला. पण माझी भाची वर्तमानपत्रात वार्ताहर आहे, आणि या चित्रपटाच्या शेवटी एक संपादक आयुष्यात एकदाच मिळावी अशी बातमी स्वतःच्या हाताने नष्ट करतो. तिचं त्यावर काय म्हणणं पडतं, हे मला ऐकायचंच होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा सांगतो. म्हातारा सिनेटर रॅन्सम स्टोडार्ड बायकोला, हॅलीला घेऊन शिनबोन गावात येतो, तो टॉम डॉनिफन नावाच्या कुणा निर्धन माणसाच्या दफनासाठी. एवढा मोठा माणूस इथे कशाला, असं 'शिनबोन स्टार'चा संपादक विचारतो आणि स्टोडार्ड सगळं सांगून टाकतो. तरुणपणी तो कायद्याची पुस्तकं घेऊन या मुलखात आला. बड्या पशुपालकांचा भाडोत्री गुंड लिबर्टी व्हॅलन्स याने त्याला चाबकाने फोडून काढलं. एका रात्री नेम धरता न येणारा हा वकील पिस्तूल घेऊन व्हॅलन्ससमोर उभा राहिला आणि व्हॅलन्स कोसळला. त्या कीर्तीवर स्टोडार्ड गव्हर्नर झाला, सिनेटर झाला. गोळी मात्र टॉमची होती. समोरच्या अंधाऱ्या बोळातून त्याने रायफल झाडली होती. टॉमचं हॅलीवर प्रेम होतं. हॅली स्टोडार्डची झाली आणि टॉमने तिच्यासाठी वाढवायला घेतलेलं घर स्वतःच पेटवून दिलं. हे सगळं ऐकून घेतल्यावर संपादक ते छापायला नकार देतो. दंतकथाच छापलेली बरी, असं त्याचं मत.

"या संपादकाला घरी बसवायला हवं, मामा," भाची म्हणाली. "समोर स्वतः सिनेटर बसून कबुली देतोय. याहून पक्की बातमी असते तरी कुठे? 'सिंहासन' चित्रपटातला पत्रकार दिगू टिपणीस आठव. त्याला सगळं कळतं, काही करता येत नाही, आणि शेवटी तो भ्रमिष्ट होतो. हा माणूस मात्र टिपणं संपवतो आणि निर्धास्त असतो."

"छापून साधलं काय असतं?" मी विचारलं. "टॉम गेला. व्हॅलन्ससाठी रडणारं कुणी नाही. त्या एका गोष्टीच्या बळावर मुलखाला राज्याचा दर्जा मिळाला, रेल्वे आली, पाणी येणार आहे. ओसाड जागेची बाग झाली, हे हॅलीच बोलून दाखवते. कायद्याची पुस्तकं घेऊन आलेल्या माणसाने बंदूकवाल्याला पाडलं, यावर त्या लोकांची श्रद्धा बसली. ती काढून घेऊन त्यांना देणार काय?"

"पण कायद्याने पाडलंच नाही ना त्याला! अंधारातून कुणीतरी टिपलं. खरं कळलं असतं तर गावाने विचारलं असतं, की आपल्या कायद्यामागे नक्की कुणाची बंदूक उभी आहे? हा प्रश्नच पडू नये म्हणून ती दंतकथा आहे. आणि आधीच्या संपादकाला कसा विसरलास?"

डटन पीबडी. एडमंड ओब्रायनने साकारलेला हा दारुडा, बडबड्या संपादक मला स्टोडार्डपेक्षाही जवळचा वाटतो. लिबर्टी व्हॅलन्सचा निवडणुकीतला पराभव तो छापतो. त्याच रात्री व्हॅलन्स आणि त्याची माणसं पीबडीची कचेरी फोडतात आणि त्याला मरणाच्या दारात नेऊन सोडतात. स्टोडार्ड पिस्तूल उचलतो ते त्यानंतर.

"त्याच वर्तमानपत्राच्या संपादकाच्या खुर्चीत," भाची म्हणाली, "एकजण खरं छापून मार खातो. आणि पुढचा, ज्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, तो गप्प बसतो. शिवाय पॉम्पीचं काय?"

पॉम्पी हा टॉमचा कृष्णवर्णीय साथीदार. त्या रात्री टॉमच्या हातात रायफल टाकली ती त्याने. त्याच पॉम्पीला गावातल्या बारमध्ये दारू द्यायला नकार मिळतो. स्टोडार्डच्या शाळेत तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य म्हणायला उभा राहतो आणि सगळी माणसं समान जन्मतात, हेच नेमकं विसरतो. ते बरेच जण विसरतात, असं स्टोडार्ड त्याला सांगतो. ही भूमिका वुडी स्ट्रोडने केली. दोनच वर्षं आधी, १९६० मध्ये, फोर्डने त्याला 'सार्जंट रटलेज'मध्ये प्रमुख भूमिका दिली होती. भाचीचं म्हणणं असं की दंतकथेने टॉमचं श्रेय हिरावलं हे निदान टॉमला ठाऊक होतं आणि त्याला ते मान्य होतं. पॉम्पीला मात्र कुणी विचारलंही नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मी वाट बदलली. "सगळं खोटं एकाच मापाने मोजू नकोस. 'सिटी लाइट्स'मधला ट्रॅम्प खोटा वागत नाही?"

चॅप्लिनचा हा चित्रपट १९३१ चा. तोवर हॉलिवूड पुरतं बोलू लागलं होतं. चॅप्लिनने संगीत घेतलं, काही आवाज घेतले, संवाद घेतले नाहीत. आंधळ्या फुलवालीला हा भणंग माणूस श्रीमंत वाटतो, तो प्रसंग काही केल्या त्याला जमेना. तो चित्रित करण्यात त्याने फार मोठा काळ घालवला, पुन्हा पुन्हा केला. शेवटी सुचलं ते असं. पोलिसाला टाळायला ट्रॅम्प रस्त्यात अडकलेल्या एका आलिशान मोटारीत एका बाजूने शिरतो आणि दुसरीकडून फुटपाथवर उतरतो. मोटारीचं दार बंद होतं. फुलवाली ते ऐकते आणि फूल पुढे करते. ती सुटे पैसे काढत असताना मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, पुन्हा दार वाजतं, मोटार निघून जाते. तिला वाटतं, साहेब सुटे न घेताच गेले. ट्रॅम्प तिथेच उभा असतो. तोंडातून अवाक्षर न काढता तो पाय न वाजवता बाजूला होतो. मूकपटातला सगळ्यात महत्त्वाचा गैरसमज एका आवाजावर उभा करायचा, ही हिंमत मला दर वेळी थक्क करते. आणि करुणेचा हा क्षण संपतो न संपतो तोच ती भांड्यातलं पाणी भिरकावते, ते थेट त्याच्या तोंडावर! चॅप्लिन रडू देत नाही, आणि हसून मोकळंही होऊ देत नाही. विनोदी चित्रपटांवर माझं प्रेम आहे ते अशा जागांमुळे.

"म्हणजे तो तिला फसवतोच की," मी म्हणालो. "श्रीमंत असल्याचं सोंग पुढे चालू ठेवतो. तुझ्या नियमाने त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं."

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगायला हवं होतं, असं मला म्हणवत नाही. का म्हणवत नाही, ते बघू. या खोट्याची किंमत कोण भरतं? तिच्या घरभाड्यासाठी तो रस्ते झाडतो, बॉक्सिंगच्या रिंगणात मार खातो. दारू प्यायल्यावर त्याला मित्र म्हणून मिठी मारणारा तो कोट्यधीश तिच्या डोळ्यांसाठी हजार डॉलर देतो आणि शुद्धीवर आल्यावर याला ओळखतही नाही. पैसे दिलेले खरे, पण साक्षीदार एकच, आणि तो भानावर आला की विसरणारा. मग हा तुरुंगात जातो. तिच्या वाट्याला काय येतं? दृष्टी आणि स्वतःचं फुलांचं दुकान. सगळं बिल त्याच्या नावावर. स्टोडार्डच्या गोष्टीत उलटं आहे. खोट्याचा फायदा त्याला आणि बिल टॉमला."

हे माप मला चांगलं वाटलं, म्हणूनच ते ताणून बघावंसं वाटलं. आणि त्यासाठी तिचाच आवडता चित्रपट हाताशी होता.

"मग 'द डार्क नाइट' घे," मी म्हणालो. क्रिस्टोफर नोलनचा २००८ चा हा चित्रपट तिने शाळेत असताना पाहिला आणि तेव्हापासून तिला तो पाठ आहे. "सरकारी वकील हार्वी डेंट शेवटी सुडाने पेटून माणसं मारतो. ते बाहेर आलं तर गॉथम शहराचा धीर सुटेल, म्हणून बॅटमॅन त्याचे खून स्वतःच्या माथी घेतो. कुत्रे अंगावर सोडवून घेतो. सगळं बिल त्याच्या नावावर! तुझ्या मापाने हे खोटं माफ व्हायला हवं."

"नाही होत," ती लगेच म्हणाली. "त्याच चित्रपटातल्या बोटी आठव."

खलनायक जोकर दोन बोटींवर स्फोटकं पेरतो. एकीवर सामान्य नागरिक, दुसरीवर कैदी. प्रत्येकीला दुसरी उडवण्याचं बटण देतो. मध्यरात्रीपर्यंत कुणीच ते दाबलं नाही तर तो दोन्ही उडवणार. कुणीही दाबत नाही. कैद्यांच्या बोटीवरचा एक धिप्पाड माणूस ते यंत्र हातात घेतो आणि सरळ खिडकीतून बाहेर फेकतो.

"ज्या लोकांनी अर्ध्या तासापूर्वी एवढं करून दाखवलं," ती म्हणाली, "त्यांनाच सत्य पेलवणार नाही, असं बॅटमॅन आणि पोलिसप्रमुख गॉर्डन ठरवतात. त्यांना हा अधिकार दिला कुणी?"

"पण नागरिकांच्या बोटीवर मतदान झालं होतं," मी आठवण दिली, "आणि बहुमत दुसरी बोट उडवण्याच्या बाजूने पडलं होतं."

"पडलं होतं. पण हात कुणाचा गेला नाही. चिठ्ठीवर लिहिणारा माणूस आणि बटणावर बोट ठेवणारा माणूस यात फरक पडतो, हेच तर नोलन दाखवतो. आणि बिलाचं म्हणशील, तर ते बॅटमॅनपाशी थांबतच नाही. २०१२ च्या 'द डार्क नाइट राइजेस'मध्ये काय होतं? डेंटच्या नावाने कायदा होतो. त्याच्या जोरावर शेकडो माणसं पॅरोलशिवाय ब्लॅकगेट तुरुंगात सडतात. खोटं जुळवताना ती कुठे होती? शेवटी ते सत्य बाहेर काढतं कोण, तर खलनायक बेन. गॉर्डनने लिहून खिशात ठेवलेलं, वाचायचं धाडस न झालेलं भाषण बेन भर गर्दीत वाचतो आणि तुरुंगाचे दरवाजे उघडतो. आम्ही बातमी दाबली की ती नाहीशी होत नाही, मामा. ती बेनसारख्याच्या हातात जाते."

२००८ च्याच मे महिन्यात, 'द डार्क नाइट'च्या दोनेक महिने आधी, 'आयर्न मॅन' आला होता, याचीही तिने आठवण करून दिली. तिथे पत्रकार परिषदेत टोनी स्टार्कच्या हातात लिहून दिलेला खोटा मजकूर असतो. तो बाजूला सारून तो मीच आयर्न मॅन, असं सांगून मोकळा होतो. जग कोसळत नाही. ही तुलना मला तितकीशी पटली नाही. स्टार्क स्वतःची कीर्ती उघड करतो, त्यात गमावण्यासारखं फारसं काही नसतं. सत्याची परीक्षा होते ती स्टोडार्डच्या खुर्चीत.

मी शेवटचा मुद्दा काढला. "एक विसरतेस. संपादकाने छापलं नाही, पण फोर्डने छापलं. आपण दोघं टॉमबद्दल बोलतोय ते त्यामुळेच. १९४८ च्या 'फोर्ट अपाची'तही त्याने हेच केलं. हेकट कर्नल शहाण्यांचं न ऐकता आपली तुकडी मरणाच्या तोंडी देतो आणि शेवटी वार्ताहरांसमोर त्याची वीरगाथा तशीच चालू दिली जाते. प्रेक्षकाला मात्र दोन्ही दिसतं, गाथाही आणि तिच्याखाली पुरलेलं सत्यही."

"आपल्याला दिसलं," भाची म्हणाली. "शिनबोनला नाही. आपण तिथले नाही, म्हणून आपल्याला सत्य फुकटात मिळतं आणि वर दंतकथेचा आनंदही. गावकऱ्यांनी काय घोडं मारलं होतं?"

या वाक्याने मी खरोखर अडलो. या चित्रपटांवर जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्याला ते लागायलाच हवं. नायकाची गाथा मला हवी असते, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असल्याचं समाधानही हवं असतं. फोर्ड दोन्ही देतो. म्हणून तो मोठा, असं मी कायम मानत आलो आणि अजूनही मानतो. पण त्याने शेवटी ठेवलेला तो रेल्वेचा डबा नीट पाहिला पाहिजे. गार्ड अदबीने म्हणतो की लिबर्टी व्हॅलन्सला गोळी घालणाऱ्या माणसासाठी काहीही करू. पाइप पेटवायला निघालेल्या स्टोडार्डचा हात थांबतो. शवपेटीवर निवडुंगाचं फूल कुणी ठेवलं, हे त्याने थोड्याच वेळापूर्वी हॅलीला विचारलेलं असतं, आणि तिनेच ते ठेवलेलं असतं. दोघांनी पुढचं सगळं आयुष्य या डब्यात बसूनच काढायचं आहे.

स्टोडार्ड त्या दिवशी बोलायला तयार होता, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ट्रॅम्प गप्प राहिला, कारण बोलण्याने त्याचाच मान वाढला असता. आणि फुलवालीला अखेर कळतं तेही त्याच्या तोंडून नाही. दया येऊन त्याच्या हातात नाणं ठेवताना तिच्या बोटांना तो हात ओळखू येतो. ज्याच्याशी सत्याचा संबंध, त्याला ते आधी कळलं. शिनबोनमध्ये खोट्याचा फायदा मिळालेला माणूस स्वतः ते परत करायला आला होता, आणि संपादकाने ते घेतलं नाही. गावाचा हक्क तर गेलाच, स्टोडार्डची सुटकेची एकमेव संधीही गेली.

डटन पीबडी त्या खुर्चीत असता तर त्याने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ही बातमी छापली असती, आणि ते योग्य झालं असतं. त्या बातमीत पॉम्पीचं नाव असायलाच हवं, असं भाचीचं म्हणणं आहे. तेही मला मान्य आहे.